खो देताना हात लागतो

आमच्या घरात पोरीच्या पोटात दुखायला लागलं की आधी तिची सतरंजी वेगळी व्हायची. दुखतं का, हे मग कोणाला आठवलं तर विचारायचं, आणि आठवायचं कोणालाच नाही. न्हाणीला लागून मागे एक पडवी होती. तिथं एक गोणपाट, एक ताट, एक लोटा. तीन दिवस तुमचा संसार तेवढाच. कावळा शिवला म्हणायचे. आमच्या घरच्या बायकांना शिवण्यापलीकडे नागपुरातल्या कावळ्यांना काही उद्योग नसावा, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

घरात सत्ता आत्याची. बाबांची ही थोरली बहीण लग्न होऊन कुही तालुक्यात गेली होती आणि नवरा वारल्यावर आमच्याकडे परत आली ती कायमची. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. तिथं ते साहेबाला घाबरत आणि घरी आत्याला, त्यामुळे त्यांना दोन्हीकडे सारखंच वाटत असावं. आई तर बोलायचीच नाही. तिचं सगळं म्हणणं भांड्यांच्या आवाजावरून ओळखावं लागे.

आत्याचं एक शास्त्र होतं. "या दिवसांत उड्या मारल्या तं पिशवी सरकते." कुठून सरकते, कुठे जाते, कोणाची सरकलेली पाहिली, असं काही विचारलं की, "लई तोंड चालून राहिलं वं तुझं!" संपलं शास्त्र. पण याच दिवसांत विहिरीवरून बादल्या ओढून अंथरूण-पांघरूण सगळं धुवायचं, तेव्हा पिशवी सरकत नव्हती. गावाकडे धानाची रोवणी असली की याच दिवसांतल्या बाया पोटऱ्यांएवढ्या चिखलात दिवसभर वाकून असायच्या, तेव्हाही ती जागची हलत नव्हती. म्हणजे पिशवी मोठी शहाणी. काम असलं की घट्ट, खेळ असला की सैल.

आणि मला नेमकं खेळाचं वेड. खो-खोचं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, मी कॉलेजात जायला लागले होते आणि पाठलाग करण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. त्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या संघाची निवड व्हायची होती. संघ जबलपूरला खेळायला जाणार होता. मला त्या संघात जायचं होतं. एवढंच. दुसरं काहीही नको होतं मला त्या वर्षी, पास व्हायचंही नव्हतं फारसं.

कॉलेजात तरी सुटका होईल म्हणावं, तर तिथं मॅडम होत्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, चांगल्या शिकलेल्या. त्यांचा नियम असा की 'अडचण' असलेल्या मुलीने खेळाच्या तासाला कडुनिंबाखालच्या बाकावर बसायचं. शरीराला विश्रांती हवी म्हणे! बाक फाटकासमोरच. येणारा-जाणारा चपराशी, ऑफिसातले बाबू, पलीकडच्या कॉलेजातले सायकलवाले पोट्टे, सगळ्यांना कळायचं आज कोण. जी गोष्ट घरात कुजबुजत बोलायची, तिची कॉलेजात मॅडमने प्रदर्शनी मांडली होती. आणि स्वतः मॅडम मात्र महिन्याचे सगळे दिवस उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या. त्यांच्या शरीराला विश्रांती लागत नसावी.

धावलं की बरं वाटतं, हे मला कोणी सांगितलं नाही. एकदा परीक्षेला उशीर झाला म्हणून ओटीपोट आवळून धरलेलं असतानाच मी सायकल जी दामटली, ती थेट कॉलेजात. उतरले तर कळ गेलेली. मला वाटलं, परीक्षेच्या धास्तीने गेली असेल. पुढच्या खेपेला मुद्दाम करून पाहिलं. आधी सावकाश चालायचं, अंग गरम होऊ द्यायचं, मग हळू पळायचं, दम लागला की थांबायचं, पाणी प्यायचं. पहिल्या फेरीला नकोसं वाटायचं. पुढे पाठ मोकळी व्हायची, पोटातली गाठ सुटल्यासारखी व्हायची आणि डोक्यातली चिडचिड कुठल्या कुठे. फार अंगावर जात असलं किंवा चक्कर वाटली तर मी गुपचूप बसून घ्यायची. हट्टाला पेटले नव्हते. पण ते मी ठरवायची, कडुनिंब नाही.

खरी आडकाठी पिशवीची नव्हतीच, कापडाची होती. कमरेला नाडी, नाडीत अडकवलेली जुन्या पातळाची घडी. ती पळताना पुढेमागे सरकायची, मांड्या घासून लाल व्हायच्या, चालताना आग. आणि गणवेश पांढराशुभ्र! मुलींच्या खेळाला पांढरा रंग ज्याने ठरवला तो पुरुषच असणार, याबद्दल मी आजही पैज लावायला तयार आहे. शेवटी मी आईच्या शिलाई मशीनवर एक घट्ट चड्डी शिवली. मध्ये दुहेरी पट्टी, घडी आत सरकवून दोन्ही टोकांना बटणं, खाली फाटक्या रेनकोटचा तुकडा. मांड्यांना खोबरेल. पहिल्यांदा ती घालून पळाले तेव्हा घडीची आठवणही झाली नाही. आनंदाने मी मैदानावर एकटीच हसत सुटले. शेजारच्यांना वाटलं असेल पोरगी चळली.

तेव्हापासून मी घरी सांगणंच बंद केलं. कावळा शिवला तरी मी गप्प. स्वयंपाकघरात जायची, पाणी भरायची, आत्याला चहा द्यायची. देव कोपला नाही, लोणचं नासलं नाही, आणि आत्याला त्या चहाने कधी ठसकाही लागला नाही.

निवडीच्या आदल्या रात्री नेमकं तेच झालं. सकाळी मी चड्डी चढवली, वरून पांढरा गणवेश, आणि सायकल काढली. घाईत एकच चूक झाली. रात्री वापरलेली घडी धुऊन मी पडवीत दोरीवर वाळत टाकली होती, टॉवेलच्या खाली लपवून, सगळ्या बाया लपवतात तशी. आत्याला नेमका तोच टॉवेल हवा झाला.

मैदानावर निरनिराळ्या कॉलेजांच्या मुली होत्या. त्यांचे दोन संघ पाडून सामना लावला होता. निवड करायला युनिव्हर्सिटीचे दोन सर आले होते, डोक्यावर टोप्या घालून खुर्च्यांवर बसलेले. आमच्या मॅडम त्यांच्या मागे उभ्या. पाठलाग आमच्या संघाकडे होता. मी पहिलीच मुलगी झटक्यात बाद केली, आणि एका सरांनी टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. ते मला दिसलं. मनात म्हटलं, झालं, जबलपूर पक्कं.

तेवढ्यात फाटकाशी सायकल-रिक्षा थांबली आणि आत्या उतरली. देवळाशिवाय कुठे न जाणारी ही बाई लुगड्याचा ओचा सावरत सरळ मैदानाच्या कडेला आली आणि ओरडली, "अवं पोरींनो, तिले शिवू नका! ती बाहेरची हाय! लोकाइच्या पोरी बाटवून राहिली भवानी!"

आत्याला खो-खो माहीत होता. लहानपणी गावात खेळलेली. खो देताना हात लागतो हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि घरी बसल्या बसल्या तिने हिशेब केला असणार: ही हिला शिवणार, ती तिला, असं करत सगळं मैदान बाटणार आणि त्याचं पाप आमच्या घरावर. लोकांच्या पोरींना घरी जाऊन अंघोळ करायला सांगावं, म्हणून बिचारी एवढी धडपडत आली होती. याला काय म्हणावं? हसावं की डोकं आपटावं?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझ्या पायांना ते कळलं नाही, ते धावतच होते. समोर जी मुलगी पळत होती, ती महाल या जुन्या वस्तीतल्या एका सोवळ्या घरातली. एरवी ती फार हुशारीने हूल द्यायची. आता तिने मागे वळून माझा पुढे आलेला हात पाहिला, "अगं आई गं!" म्हणून किंचाळली आणि सरळ रेषेच्या बाहेर पळाली. पार बाहेर, सायकली लावल्या होत्या तिथपर्यंत. बाद! मी तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

सरांनी टाळ्या वाजवल्या. "काय दरारा आहे या मुलीचा!"

पण आनंद टिकला नाही, कारण खो मला आमच्याच मुलींना द्यायचा होता. आमच्या ओळीत जी बसली होती ती माझ्या वर्गातली, माझ्या डब्यातली आंबाडीची भाजी रोज खाणारी. मी तिच्या पाठीमागे पोचले, हात उचलला आणि ती बया हात लागायच्या आधीच टुणकन उठून पळत सुटली! खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. शिट्टी वाजली. पुन्हा गेले, पुढची पण तशीच उठली. पुन्हा शिट्टी. समोरच्या पोरी माझ्या हाताला भिऊन बाद होत होत्या आणि माझ्या पोरी माझ्या हाताला भिऊन फाऊल करत होत्या. असा खो-खो जगात कोणी पाहिला नसेल.

"मॅडम, हे काय चाललंय?" सर म्हणाले. "मुली अशा का करताहेत? आणि त्या बाई काय म्हणून राहिल्या?"

मी मॅडमकडे पाहिलं. झालं, म्हटलं, आता ही मला कडुनिंबाखाली बसवणार. तिचा तर नियमच होता! पण मॅडमचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दोन पुरुषांना काय सांगणार? कोणत्या शब्दांत? आम्हा पोरींना सगळ्या गावासमोर बाकावर बसवताना जिला लाज वाटली नाही, तिला आता तो एक शब्द उच्चारवेना. लाल होऊन ती म्हणाली, "काही नाही सर. मुली जरा घाबरल्या आहेत."

"मग खेळू द्या ना!" सर म्हणाले, आणि खेळ चालू राहिला. आत्याला मॅडमनेच दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. मी त्या डबाखाऊला पुन्हा खो दिला तो चांगला सणसणीत, पाठीत. बसल्या जागी शिवून घेतलं तिने, आणि मेली नाही.

माझी निवड झाली. सर म्हणाले, या मुलीला पाहून समोरच्याचे पाय लटपटतात, अशीच पाहिजे आपल्याला. महालातलीची पण झाली. ती माझ्याशी बोलली नाही, पण नंतर म्हणे घरी जाऊन डोक्यावरून न्हाली.

संध्याकाळी घरी कचेरी भरली. बाबा झोपाळ्यावर, आत्या खाली बसलेली, आई दाराआड, आणि मी पडवीच्या उंबऱ्यावर, कारण त्या दिवशी मला कोणी आत घेतलंच नव्हतं.

"पोरीले जबलपूरले पाठवू नको गा भाऊ," आत्या म्हणाली.

"काहून?"

आत्या जमिनीवरचा न दिसणारा कचरा वेचायला लागली.

"अवं बाई, काहून म्हणून विचारून राहिलो. युनिव्हर्सिटीत नाव आलं पोरीचं. कारण तं सांग."

आत्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला. भर मैदानात ओरडून आलेली ही बाई सख्ख्या भावापुढे मुकी झाली होती! मैदानावर तिला पोरी दिसल्या होत्या, खुर्चीवरचे पुरुष दिसलेच नव्हते. मला असा संताप आला! सगळा कारभार या एका न बोललेल्या शब्दावर चालला होता आणि कोणात तो म्हणायची छाती नव्हती.

"मी बाहेरची होते बाबा," मी म्हणाले. "पाळी आली होती मले. तरी खेळले, आणि जिंकले. म्हणून आत्या नाही म्हणते."

आमच्या घरात पुरुषापुढे तो शब्द पहिल्यांदाच निघाला असेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याकडेही नाही. ते उठले, चपला घातल्या आणि चौकातल्या पानठेल्याकडे चालते झाले. जेवायच्या वेळेला परत आले, गुमान जेवले आणि हात धुताना भिंतीकडे पाहत म्हणाले, "तिकडे थंडी पडते म्हणतात. स्वेटर ठेवा पोरीच्या बॅगेत."

यालाच आमच्याकडे परवानगी म्हणतात. नाही म्हणायचं तर कारण बोलावं लागलं असतं, आणि ते त्यांच्या बापजन्मी जमणार नव्हतं.

निघायच्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली. हातात तिचं एक धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ होतं, माझ्यासाठी घड्या करायला आणलेलं. बराच वेळ ती त्याचा काठ उसवत राहिली. मग म्हणाली, "दुखत नाही का वं, धावताना?"

"पहिले दुखते. मग कमी होते. धावलं की बरंच वाटते आई, खरंच."

"असं होय," ती म्हणाली. आणि खाली मान घालूनच, "मीबी लई पळे. आमच्या गावात पोट्टेसुद्धा धरू शकत नव्हते मले."

मला हे माहीतच नव्हतं. एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. "मग?" मी विचारलं.

"मग काय," आई म्हणाली. "मग न्हाण आलं." आणि तिने पातळ टर्रकन फाडलं.