अक्कांचा खोकला

औषधशास्त्राची पदवी घेतली आणि मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात संशोधनाच्या कामाला लागले. अभ्यास होता रक्तदाबाच्या दोन गोळ्यांचा. दोन्ही गोळ्या जुन्या, रोजच्या वापरातल्या. आपल्याकडच्या माणसांना कोणती जास्त मानवते आणि कोणत्या गोळीचा काय त्रास होतो, एवढंच पाहायचं होतं. तपासायचं काम डॉक्टरांचं. मी फॉर्म भरायचे आणि दर आठवड्याला सगळ्यांना फोन करायचे.

त्यात एक अक्का होत्या. पन्नाशी उलटलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरणाऱ्या. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही. त्यांना फोन करायला मला आवडायचं, कारण तो अर्ध्या मिनिटात संपायचा.

"अक्का, काही त्रास नाही ना?"

"काय नाही मॅडम. बरं हाय की."

मी 'त्रास नाही'समोर खूण करायचे आणि पुढचा नंबर लावायचे.

दुसऱ्या महिन्याच्या तपासणीचा दिवस होता. मी आत कागद आवरत होते आणि बाहेरच्या बाकावर कुणीतरी सारखं खोकत होतं. कोरडा, घसा खरवडून काढणारा खोकला. पुढच्या पेशंटला बोलवायला दार उघडलं, तर तोंडावर पदर दाबून अक्काच बसलेल्या. शेजारी त्यांचे यजमान. आत आल्यावर खोकला दाबायला अक्कांनी पाण्याची बाटलीच तोंडाला लावली.

"अक्का, खोकला कधीपासून आहे?"

"ते काय नाही. सुताची धूळ."

"धूळच हो," यजमान म्हणाले. "महिना झाला. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. शेवटी मीच म्हणलो, काम सोड. पंधरा दिवस झाले, घरीच हाय."

"मग घरी राहून कमी झाला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही की," अक्का म्हणाल्या.

"आणि गोळी सुरू व्हायच्या आधी कधी असा खोकला यायचा?"

त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं त्याच धुळीत काढली होती, पण असा खोकला कधीच नाही.

अक्कांना जी गोळी चालू होती, तिने काहींना कोरडा खोकला येतो. संमतीपत्रात ते छापलेलं होतं आणि ते वाक्य मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

"मग मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुमी 'त्रास नाही ना' म्हणता," त्या संकोचून म्हणाल्या. "एवढं मायेनं विचारता, मग हाय म्हणून कसं सांगायचं?"

डॉक्टरांनी लगेच ती गोळी थांबवून दुसरी दिली. खोकला जायला दोन-चार आठवडे लागतील, हेही सांगितलं. मी वेगळा फॉर्म काढला, तशा अक्का वाकून बघू लागल्या.

"हे काय लिवताय?"

"गोळीनं तुम्हाला काय त्रास झाला ते."

"आता माझ्यामुळं तुमची गोळी नापास होणार?"

"नाही हो. ती कुणाला सोसत नाही हे कळावं म्हणूनच तर हे सगळं चाललंय. उद्या दुसरं कुणी असं खोकत आलं, तर डॉक्टर आधी गोळी बघतील."

अक्का जरा सावरून बसल्या. "मग नीट लिवा. दोन बाटल्या औषध घेतलं, ते पण लिवा."

त्या आठवड्यापासून मी 'नाही ना' म्हणायचं सोडलं. "गोळी सुरू झाल्यापासून अंगात काय वेगळं वाटतंय?" असं विचारू लागले. फोन लांबायला लागले. लोक गुडघ्यांचं सांगायचे, झोपेचं सांगायचे, एका आजोबांनी तर सुनेच्या स्वयंपाकाचंही सांगितलं. पण त्यातच कुणाचे पाय सुजलेले कळले, कुणाला उठताना घेरी येते ते कळलं. दुपारचा डबा खायला उशीर व्हायचा, त्याचं मला काही वाटेनासं झालं.

अक्कांच्या दर आठवड्याच्या फोनवर 'कमी होतोय' एवढंच कळायचं. महिन्याभराने लावला, तर पलीकडून नुसती खडखड.

"मॅडम, जोरात बोला! कामावर हाय!"

"खोकला गेला का?" मी ओरडले.

"कवाच गेला!"

शेजारच्या टेबलांवरचे सगळे माना वर करून माझ्याकडे बघत होते. मी तशीच जोरात पुढचा प्रश्न विचारला, "आणि नव्या गोळीनं अंगात काय वेगळं वाटतंय?"