दादाच्या आवारातलं तेल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वावरात वांगी तोडत होते. हृदयविकाराचा झटका... तासाभरात सगळं संपलं होतं. मी हातातली ओळ पुरी केली आणि मग निघाले. महिना होत आला, त्याचं अपराधीपण मला अजून वाटलेलं नाही.

तेरवीला संग्रामपूरची माणसं भरभरून बोलली. दिलदार होता, हसतमुख होता, भंगाराचा एवढा धंदा एकट्याने उभा केला... केला ना, पण माझ्या विहिरीच्या वरच्या अंगाला. बाबांनी आम्हा बहीणभावाला लागून वावरं दिली होती. मी भाजीपाला लावला, त्याने जुन्या गाड्या तोडायला घेतल्या. सलीमभाई त्याचे कारागीर. गाडी आली की ते आधी बॅटरी काढायचे. मग डिझेल, इंजिन ऑइल, ब्रेकचं तेल वेगवेगळ्या डब्यांत उतरवून झाकणं घट्ट लावायचे आणि त्यानंतरच कोणाला गॅस कटर पेटवू द्यायचे. यात अर्धा दिवस जायचा आणि दादाला तोच खुपायचा. "गाडी मेली हाये बे, तिचं काय आप्रेशन करून राह्यला?" असं सगळ्यांदेखत म्हणून त्याने त्या वयस्कर माणसाला काढून टाकलं. त्यानंतर टाकीला खालून भोक पाडायचं आणि सगळं मातीत सोडायचं, अशी रीतच पडली.

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या विहिरीवर तवंग आला. मेथी पिवळी पडली, बैल पाण्याला तोंड लावेनात. मी बादली भरून नेली आणि त्याच्यापुढे आदळली.

"तेल जमिनीतूनच निघते ना सुमे? मंग जमिनीत गेलं तं काय बिघडलं?" तो हसला. भोवतीचेही हसले.

"काई बिघडलं नाई ना? मंग पेऊन दाखव हे पाणी."

तो प्यायला नाही. मी तहसिलीत तक्रार दिली, तर यापुढे राखी पाठवू नको असा त्याचा निरोप आला. तेव्हापासून मी शेजाऱ्याच्या बोअरवर भाजी जगवते आहे. तेरवीला हे कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात वहिनी आली. आवारातल्या उरलेल्या गाड्या तोडून तिला जागा मोकळी करायची होती. "सलीमभाईले बोलाव," मी म्हणाले, "ते सांगतीन तसंच होईन. नाई तं मी फाटकातच बसतो."

सलीमभाई आले. कसलाही टोमणा न मारता त्यांनी डबे मांडले. फिरत फिरत ते दादाच्या स्वतःच्या जुन्या जीपपाशी थांबले. ती बंद पडून वर्षं झाली होती, पण दादाने ती कधी तोडू दिली नव्हती. सीटवर त्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता. गाडीखालची माती काळी पडली होती.

"ही राहू द्यायची का ताई? दादाची याद..."

"आधी हीच खाली करा."

ते जीपखाली शिरले. नट सैल झाला आणि जाड, काळी धार सुटली. मी मातीत बसून डबा दोन्ही हातांनी धरला, आणि धार थांबेपर्यंत एक थेंब बाहेर पडू दिला नाही.