वत्सलाबाई सुईणीचं वजन

वत्सलाबाई आमच्या तांबट आळीत कोणालाच आवडत नसे, आणि आळी तिला आवडत नसे. तरी गेल्या वीस वर्षांत आळीत जन्मलेलं एकूण एक पोर तिच्याच हातात पडलेलं. मीसुद्धा. "ही जन्मली तीच नाक मुरडत," असं ती माझ्याबद्दल चारचौघींत सांगायची, आणि वर आमच्या आईकडे बघून, "आईवर गेलीये."

तिचं बोलणं कसं होतं म्हणाल, तर घशात सुपारी अडकलीये आणि कोणीतरी पायावर पाय दिलाय, अशा माणसासारखं. "हं. कोण? कितवा महिना? मग आत्ताच का बोलावलं? वेळ ना वखत." बाळंतीण ओरडली की, "ओरडू नको, कान माझे आहेत." नवरा दाराशी घुटमळला की, "तू जा रे बाहेर, तुझं इथं काही नाही."

ती धर्मादाय दवाखान्याची सुईण. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. दवाखान्याच्या मागे एक खोली तिला नोकरीबरोबर मिळाली होती. नोकरी गेली की खोली गेली, आणि जायला दुसरं ठिकाण नाही.

सन छत्तीसच्या कार्तिकात एका तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतपणाला तिला बोलावणं आलं. जिना असा अरुंद, की वर जाणाऱ्याने श्वास खालीच सोडून जावा. वत्सलाबाई दुसऱ्या वळणावर अडकली. वर बाई ओरडतेय, खाली ही धापा टाकतेय. शेवटी मूल सासूच्या हातात आलं, आणि सुईण पोचली ती बारशालाच आल्यासारखी.

दवाखान्याचे डॉक्टर निफाडकर तेव्हा मुंबईहून नवे आलेले. त्यांचं प्रत्येक वाक्य "तसं पाहिलं तर"ने सुरू व्हायचं. "तसं पाहिलं तर, वत्सलाबाई, तुमचा हात उत्तम आहे. पण तसं पाहिलं तर, हात जिन्याच्या वर पोचायला हवा." त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. एकशे शहाण्णव रत्तल, म्हणजे आताचे एकोणनव्वद किलो. "शिमग्यानंतरच्या सोमवारी पुन्हा या काट्यावर यायचं. एकशे ऐंशीच्या वर गेलात तर तसं पाहिलं तर माझा नाइलाज आहे. पुण्याची एक नर्स तयार आहे."

ही बातमी संध्याकाळच्या आत भद्रकालीपर्यंत पोचली. मी ती तीन घरी डॉक्टरांच्या आवाजात सांगितली.

आळीच्या तोंडाशी डाव्या हाताला पुंजा वस्तादाची तालीम आणि उजव्या हाताला हनीफचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. दोघांचं वैर जुनं. तालमीत यायची पोरं हनीफच्या सायकली घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या नदीवर, उंडारायला लागली, तेव्हापासूनचं. वत्सलाबाई रस्त्यातून जाताना पुंजा तालमीच्या पायरीवरून म्हणाला, "बाय, पळाया लागतं. पळाल्याबिगर चरबी हालत नाय. सायकल म्हंजी काय, बूड टेकून बसायचं. बसून कोण वाळलंय?"

हनीफ समोरून म्हणाला, "वस्ताद, बाई पळणार, गुडघे जाणार, मग तुम्ही खांद्यावर नेणार काय बाळंतपणाला? बाई, सायकल घ्या. वजन चाकावर, मेहनत पायावर."

"चाकावर वजन गेलं तं कमी कसं झालं रं?"

"तुमच्या तालमीत तीस वर्षं पळता, तुमचं पोट कुठं गेलंय?"

वत्सलाबाई दोघांना म्हणाली, "तुम्ही दोघंही माझ्या हातावर झाला असतात, तर तेव्हाच विचार केला असता." पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती पळाली.

आता आमच्या आळीत सुईण पळते याचा अर्थ एकच. कोणीतरी अडलंय. वत्सलाबाई कासोटा आवरून गंगेच्या दिशेने पळत सुटली, आणि तिच्यामागे दारं उघडत गेली. "कोणाकडे ग?" "कोणाकडे नाही." "मग पळतेस कशाला?" उत्तर द्यायला दम असेल तर ना. आळीत तेव्हा तीन बायका दिवस भरलेल्या. तिघींच्या सासवांना वाटलं, दुसरीचंच काहीतरी झालं. आमची आई पेटत्या चुलीवरचं पाणी उचलून उंबऱ्यात येऊन उभी. "कोणाकडे न्यायचं, सांग तरी मेले." तिघींतल्या एकीला त्या गोंधळाच्या भीतीनंच कळा सुरू झाल्या, आणि घाटापर्यंत पोचलेल्या वत्सलाबाईला परत पळत यावं लागलं. तेवढंच एक पळणं कामाचं झालं.

बायका वस्तादावर चालून गेल्या. वस्ताद म्हणाला, "पळाया तं पायजे. पण सांगून पळावं." तेव्हापासून वत्सलाबाई पळताना घसा ताणून सांगायची, "कोणाकडे नाही. कोणाकडे नाही." मी पंधरा पावलं मागे त्याच आवाजात तेच ओरडत जायची. एकदा तिने वळून माझा कान पकडला आणि म्हणाली, "चांगलं जमतंय. उद्यापासून तूच पळ."

महिन्याभराने आळीनेच तिला पळायला बंदी केली. मग सायकल.

हनीफने मिशनच्या एका नर्सने विकलेली बायकांची सायकल आणली होती. ती हातात घेतलेली वत्सलाबाई आळीला दिसली आणि आळी जेवायची थांबली. आईचं मत असं, की बाईमाणसाने चाकावर बसलं तर पुढच्या जन्मी कुंभार व्हावं लागतं. हे मत तिने त्या दिवशीच तयार केलं. हनीफने मागून सीट धरली असती तर आणखी बोलणी झाली असती, म्हणून त्याची आई सकीनाबी सीट धरायला रोज गोल्फच्या मैदानावर जायची. सकीनाबी म्हणजे मूठभर म्हातारी, आणि तिने धरलेलं वत्सलाबाईचं जहाज. "हँडल सीधा धर ना ग. सीधा. मला काय बघते, मी काय रस्ता आहे?" "म्हातारे, सोडू नको." "मी कधीच सोडली, तूच चालली." आणि धाडकन.

पौष संपेपर्यंत वत्सलाबाई त्र्यंबकच्या नाक्यापर्यंत जाऊन यायला लागली. घंटी ती सोडतच नसे. पोरं बाजूला झाली तरी वाजवायची, म्हणजे त्यांना कळावं की बाजूला झाल्याबद्दलही ती रागावलीये.

मग वखारीच्या काट्यावर वजन. लाकडं मोजायचा काटा, आणि बघायला अर्धी आळी. एकशे साडेपंच्याण्णव.

"सायकलीनं काय केलं बघा," पुंजा म्हणाला. "अर्धा रत्तल. तोबी माझ्या पळण्याचा."

"तुमचं पळणं एक महिना, माझी सायकल एक महिना," हनीफ म्हणाला. "तुमच्या महिन्यात वाढलं ते माझ्यात उतरलं."

दोघं काट्यावरच एकमेकांच्या अंगावर जायला लागले. वखारवाला म्हणाला, मारामारी करायची तर काट्यावरून उतरून करा. सकीनाबी मात्र वत्सलाबाईपाशी गेली. "या दोन महिन्यांत बाळंतपणं किती झाली ग?"

"चौदा."

"आणि लाडू?"

वत्सलाबाई बोटांवर मोजायला लागली.

आमच्या आळीत बाळंतिणीसाठी डिंकाचे, अळिवाचे लाडू वळले, की पहिला लाडू सुईणीने खायचा. ती खाईपर्यंत बाळंतीण खात नाही. मग पाचवीला, मग बारशाला. सुईणीने नाही म्हटलं, तर तिने मुलात काही खोट बघितली असं समजायचं. त्यामुळे वत्सलाबाई सकाळी त्र्यंबकच्या नाक्यावर जे सोडून यायची, ते दुपारी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तिला परत मिळायचं.

त्या दिवसापासून तिने उपास सुरू केले. कोणाकडे गेली की, "माझी चतुर्थी आहे." कोणाकडे, "सोमवार आहे." कोणाकडे, "गुरुवार धरलाय." उपासाला कोण काय बोलणार. बायका लाडू पदरात बांधून द्यायच्या, तो ती दवाखान्याच्या झाडूवालीला द्यायची. सायकल चालूच होती, आणि पहाटे आळी उठायच्या आत, अंधार असेतो, गंगेवर पळणंही. पुंजा आणि हनीफ दोघंही आपापल्या पायरीवरून तिला जाताना बघायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे नाहीत. माघ संपताना एकशे शहाऐंशी. शिमग्याला एकशे एक्याऐंशी.

शिमग्यानंतरच्या बुधवारी आमच्या वहिनीला मुलगा झाला. वत्सलाबाईने सगळं नीट केलं, शिव्यांसकट. आईने लाडू पुढे केला.

"उपास आहे," वत्सलाबाई म्हणाली.

पण आई ती आई. आळीतले सगळे उपास तिच्या बोटावर. "आज कसला ग उपास? एकादशी झाली, चतुर्थी व्हायची आहे. बुधवार कोण धरतं?"

"मी धरते."

"कधीपासून?"

"आजपासून."

आईने ताटली तशीच आत नेली. वहिनीने खोलीतून सगळं ऐकलं होतं. ती बाळाकडे बघत राहिली.

रविवारी रात्रीपासून बाळ पिईना. सोमवारी सकाळी वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती: वत्सलाबाईने काहीतरी बघितलंय म्हणून तिने खाल्लं नाही, आता ती खाईपर्यंत मी याला जवळ घेणार नाही. आई मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली.

वत्सलाबाई दाराशी बाकावर बसली होती. तोच सोमवार. पहाटे वखारीत एकशे ऐंशी बरोबर भरलेलं, आणि तोंडात पाणीसुद्धा न घेता ती नऊ वाजायची वाट बघत होती.

"तू माझ्या नातवात काय पाहिलंस?" आई म्हणाली. "खरं सांग."

"काही नाही पाहिलं."

"मग ये, खा. पोर रात्रीपासून दूध घेत नाही. सून हात लावत नाही त्याला."

"तासाभराने येते, भागुबाई. काट्यावरून उतरले की येते."

"तासाभराने काय राहील?"

वत्सलाबाईने डॉक्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग सायकल उचलली. आम्ही पळत घरी पोचलो तेव्हा ती खोलीत येऊन बसली होती. तिने मूल उचललं, उलटंसुलटं केलं, वहिनीला म्हणाली, "रडून दूध आंबवू नको. आण ग भागुबाई."

आईने पाच लाडू ठेवले. एक नाही. पाच. पाचवीचे पाच, असा कायदा आईने तिथल्या तिथे केला. आईचा लाडू दोन मुठींचा असतो. वत्सलाबाई एकेक खात होती आणि प्रत्येक घासाला आईकडे अशी बघत होती, की मला ती नजर अजून जमलेली नाही. वर पितळी गडूभर दूध. तिसऱ्या लाडवाला वहिनीने बाळ जवळ घेतलं. वत्सलाबाईने एका हाताने लाडू धरून दुसऱ्या हाताने बाळाची मान फिरवली, "असं धर, बोचकं नाहीये ते," आणि बाळ प्यायला लागलं.

आईने माझ्या कानात सांगितलं, "मागोमाग जा. ओकून नाही ना टाकत, बघ."

टाकलं नाही. दवाखान्यात परत जाऊन ती काट्यावर उभी राहिली. एकशे साडेब्याऐंशी.

"तसं पाहिलं तर," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पुष्कळ मेहनत घेतलीत." आणि वहीत लिहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर वत्सलाबाई म्हणाली, "चूप. घरी जा." एवढंच. मग मागच्या खोलीत जाऊन ती ट्रंक भरायला लागली.

मी घरी येऊन सगळं जसंच्या तसं करून दाखवलं. दुपारपर्यंत आळीभर झालं, की भागुबाईच्या लाडवांनी वत्सलाबाईची नोकरी खाल्ली. आई पेटली. नोकरीचं तिला काही नव्हतं, लाडवांचं होतं. "माझे लाडू जड? अडीच रत्तल? माझे लाडू फुलासारखे असतात." तिने डब्यातून पाच लाडू आणि तोच गडू भरून दूध घेतलं, आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "मोजा. आणि सगळ्यांना सांगा, हिच्या वजनाशी माझ्या लाडवांचा काही संबंध नाही."

"कसले लाडू?" डॉक्टर म्हणाले. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. आईने सगळं सांगितलं: बाळ, उपास, पाचवी, सगळं, आणि ते सांगताना आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी औषधांच्या काट्यावर एकेक लाडू मोजला. लाडू दोन रत्तल, दूध अर्धा. त्यांनी वही ओढली, साडेब्याऐंशीतून अडीच वजा केले आणि म्हणाले, "एकशे ऐंशी. बोलवा त्यांना."

आई तिथेच उभी राहिली. तिचे लाडू जड ठरले होते, आणि वत्सलाबाई राहणार होती.

वत्सलाबाई ट्रंकेला कुलूप लावून आली होती. तिने सगळं ऐकलं, टेबलावरचे लाडू पाहिले, आणि आईला म्हणाली, "डिंक जास्त घालतेस. मी वीस वर्षं सांगतेय."

"वीस वर्षं खातेस तरी," आई म्हणाली आणि डबा उचलून बाहेर पडली. दूध मात्र डॉक्टरांकडेच राहिलं, आणि गडू परत आणायला तिने मला चार दिवस जाऊ दिलं नाही.