पिशवी टेबलावर ओता!

सोळा वर्षं एकाच टेबलामागे बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत, पेशंटच पिशवीतून आणून देतात!

मी मानसिक विभागातली सिस्टर. आमच्याकडे महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. ते महिनाभर अंगात मुरतं. त्यावर दुसरं कुठलं औषध पोटात गेलं की दोघांचं पटतंय का, हे बघावं लागतं. म्हणून डॉक्टर मॅडमचा नियम: घरी जे जे गिळता, ते सगळं पिशवीत घालून आणा.

तळा गावच्या काशीबाईंनी पिशवी ओतली, तर आत ही मोठी बाटली!

"आजी, हे म्हशीचं औषध! तुम्ही पिता की काय?"

"न्हाय गं! घरातलं सगळं आन म्हनालीस ना? म्हस तेवढी यष्टीत घेईनात!"

*

रामा तांडेल खुर्चीत डुलत होते.

"मामा, दारू?"

"सोडली. शप्पथ!"

पिशवीत खोकल्याच्या तीन बाटल्या, एक जवळजवळ रिकामी. मी भडकलेच. "इंजेक्शनवर हे प्यायलात तर झोप दुप्पट येणार! बोटीवरून पडाल! आणि खोकला आहे कुठे?"

"न्हाय. पर आला तर?"

बाटल्या मी काढून घेतल्या. मामा रुसले.

*

आणि आमचा युसूफ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. दोन वर्षं इंजेक्शन चुकलं नाही, तब्येत ठणठणीत, निकाह ठरलेला. आणि एक दिवस रडवेला होऊन आला. "सिस्टर, कानात आवाज परत येतायत. आता शादी मोडणार."

पिशवी रिकामी. "काहीच घेत नाय, अल्लाची कसम!"

माझं लक्ष त्याच्या पांढऱ्या कुर्त्याकडे गेलं. काखेत केशरी डाग!

"युसूफ, टीबीच्या गोळ्या चालू आहेत ना? घाम असा केशरी त्यांनीच होतो!"

त्याने मान खाली घातली. मुलीकडे कळू नये म्हणून टीबी सगळ्यांपासून लपवला होता, अगदी आमच्यापासूनही. इंजेक्शनचं तर तिला मुळात सांगितलंच नव्हतं. आणि त्या गोळ्याच इंजेक्शनचा जोर उतरवत होत्या!

"टीबीची एक गोळी चुकवायची नाही," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शनचं आम्ही बघतो." समोरच्या खोलीतल्या टीबीच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी उपचार बदलले. आवाज हळूहळू थांबले. मला मात्र त्या निकाहचा घोर लागला होता.

पुढच्या महिन्यात युसूफच्या पुढे एक मुलगी आत आली. ही सबिहा, त्याची होणारी बायको! तिने पिशवी टेबलावर ओतली. टीबीच्या गोळ्या, आमचं इंजेक्शनचं कार्ड, सगळं.

"काल यानं ही पिशवी माझ्या हातात दिली," ती म्हणाली. "दोन्ही आजार चालतील मला. पण तिसरं काय असेल तर आत्ताच काढ म्हणावं!"

युसूफने खिशात हात घातला आणि तंबाखूची पुडी हळूच टेबलावर ठेवली.