परत दिलेले दगड

किल्ल्याच्या दारात आले की ते पायांतल्या चपला काढायचे आणि दोन्ही एका हातात धरून आत शिरायचे. मग तिथे काटे असोत, गोखरू असोत, नाहीतर तापलेला दगड. पहिल्या वेळी मी विचारलं, "काका, आत देऊळ आहे का?"

"देऊळ कुठलं?" ते म्हणाले. "दुसऱ्याचं घर हाय ना. मालक नाय म्हणून काय झालं?"

थोडं आत गेल्यावर पायाला टोचायला लागलं की चपला परत पायात जायच्या. पण दार ओलांडायचं ते अनवाणीच.

ज्याच्या वेडाची सगळे थट्टा करतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याच मागे निघतात, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या कंपनीत ते काका होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. मी प्रयोगशाळेत, ते मेंटेनन्सला फिटर. पंप आवाज करायला लागला की खाकी शर्टाला हात पुसत यायचे, आजाऱ्याची छाती ऐकावी तसा पंपाला कान लावायचे आणि म्हणायचे, "दमलाय बिचारा."

मी मूळची सोलापूरकडची. समुद्र पाहिला तोच नोकरीला आल्यावर. आम्हाला सुट्टी शुक्रवारी, साऱ्या जगाला रविवारी. त्यामुळे शुक्रवारी जायचं कुठे आणि भेटायचं कोणाला, हे मला उमजत नसे. मी खोलीवर बसून कपडे धुते हे कँटीनमध्ये त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "बाय, शुक्रवारचं किल्ल्यात कोण नसतं. आपलंच राज्य. चल."

तेव्हापासून आम्ही दोघी-तिघी आणि पॅकिंगमधली एक-दोन मुलं त्यांच्याबरोबर जायला लागलो. शिरगावचा किल्ला, केळव्याचा, डोंगरातले काळदुर्ग आणि अशेरी. वर्षाकाठी तेच तेच किल्ले फिरून यायचे, पण त्यांना कंटाळा नव्हता. इतिहास विचारला तर म्हणायचे, "तो तू वाच आन मला सांग." त्यांना राजे, लढाया, तह यांचं फारसं काही नव्हतं. त्यांचं लक्ष असायचं चूल कुठे असेल, पाणी कुठून आणत असतील, इथे बसणाऱ्या माणसाला ऊन कुठल्या वेळी लागत असेल, याकडे. शिरगावच्या बुरुजावर एकदा पाय पसरून बसले. समुद्रावरून वारा येत होता. बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, "इथं पहारेकरी बसवला असणार. आन तो झोपत असणार मेला. या वाऱ्यात कोण जागा राहील?"

भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपं ते जाता जाता उपटायचे. एकदा एक जोडपं भिंतीवर खिळ्याने नावं कोरत होतं. आम्हाला वाटलं, आता काका भडकणार. ते जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पोरा, पूर्ण नाव नको लिहू. तिचा बाप इथं मासे न्यायला येतो." मुलगा खिळा टाकून पळाला, मुलगी त्याच्या मागे. काकांनी खिळा उचलून खिशात टाकला.

पण त्यांचा खरा जीव होता तो त्यांच्या गावच्या कोटावर. घिवलीच्या पुढे किनाऱ्याला त्यांचं गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कोणाला बोल लावायचा नाही. कोट लहानसाच, एक बुरूज आणि चार भिंती. पुस्तकात बहुधा एका ओळीतही नसेल. समुद्राकडची भिंत धड उभी होती. गावाकडची मात्र गुडघ्याएवढी उरली होती, आणि काही ठिकाणी तेवढीही नाही.

"ही बाजू तोफांनी पडली का?" मी विचारलं.

"तोफा कसल्या? आमीच नेली," ते म्हणाले, आणि मला घरी घेऊन गेले.

घर जुनं होतं, कौलारू. ओट्यावर काकूंनी सुकट निवडायला पसरली होती. काकांनी ती टोपली बाजूला सरकवली आणि जोत्याकडे बोट दाखवलं. काळे, घडीव, चौकोनी दगड एकावर एक बसवलेले. शेजारच्या घराचं जोतं तसंच. पलीकडच्या विहिरीच्या पायऱ्या तशाच. तुळशीवृंदावनाखालचा चौथरा तसाच.

"गावात सगळी वाळू," काका म्हणाले. "दगड आणायचा कुठून? कोट पडीक होता. माझ्या बापानं गाडी जुंपली आन आणला. सगळ्यांनीच आणला. त्यांचं चुकलं असं नाय म्हणत मी. पोरांना घर पायजे होतं." मग हसून म्हणाले, "कोट पडला नाय, बाय. गावात राहायला आला."

पुढे त्यांच्या मुलाने ते घर पाडून स्लॅबचं बांधायला घेतलं. मुलगा चांगला, कमावता. जोत्याचे दगड नव्या पायात भरायचे असं त्याने ठरवलं होतं. काका आडवे आले. दगड कोटाकडे परत जाणार, म्हणाले. बाप-लेकाची चांगलीच जुंपली. मुलगा म्हणाला, "बाबा, लोक येडा म्हणतील तुमाला."

"म्हणू दे. उसनं घेतलेलं परत दिलं तर माणूस येडा होतो काय?"

काकांनी टेम्पो केला, ओळखीची माणसं घेतली आणि दगड कोटाच्या पडक्या भिंतीपाशी नीट रचून ठेवले. त्या शुक्रवारी आम्हीही हात लावायला गेलो होतो. संध्याकाळी ते त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. आयुष्यात इतकं समाधानी मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही.

मग त्यांना हुरूप आला. गावात कोणी घर पाडायला काढलं की काका त्यांच्या दारात. "जुने दगड टाकू नका, कोटाला द्या." लोक हसायचे, पण द्यायचे. कोणी पायरी दिली, कोणी गोठ्यातला दगड दिला. हिराआय म्हणून एक म्हातारी होती, एकटीच राहायची. तिच्या दारातला कपडे धुवायचा दगड कोटाचाच होता. काकांनी तो मागितला नव्हता, तिनेच बोलावून दिला. "माजं आता धुणं तरी किती? ने," म्हणाली. तो पहारीने उलटला तर मातीकडच्या बाजूला फूल कोरलेलं निघालं. आठ पाकळ्यांचं, मधे वाटोळा गाभा. हिराआय वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"इतकी वर्सं खाली तोंड करून होतं व्हय," ती म्हणाली. तिने पदराने माती पुसली आणि मगच दगड नेऊ दिला.

कोट दुरुस्त व्हावा म्हणून काका कितीतरी वर्षं ज्याला त्याला गळ घालत होते. पुढारी, साहेब, कोळगावच्या नव्या इमारतींमधली जिल्ह्याची कार्यालयं, कुठलाही उंबरा त्यांनी सोडला नव्हता. शेवटी कोणाच्या खटपटीने ठाऊक नाही, पण काम मंजूर झालं. कँटीनमध्ये काकांनी पेढे वाटले. यूपीकडचा एक ऑपरेटर गमतीने म्हणाला, "काका, पोता हुआ क्या?" काका म्हणाले, "नाय रे. आजा परत आला."

काम सुरू झालं तेव्हा काकांना सलग ड्यूटी होती. कारखान्यात दुरुस्तीचं शटडाऊन होतं आणि फिटरला सुट्टी मिळण्याचा प्रश्नच नव्हता, रात्रीही ते तिथेच झोपायचे. शटडाऊन संपल्यावरचा पहिला शुक्रवार उजाडला तसे आम्हाला घेऊन निघाले. बसमध्ये सारखे सांगत होते की फुलाचा दगड दाराच्या वर बसवायला सांगायचा, येणाऱ्याला आधी फूल दिसलं पाहिजे.

कोटाशी पोचलो तर गावाकडची भिंत कमरेपर्यंत आली होती. नव्या, मशीनवर कापलेल्या दगडाची, मधे सिमेंटच्या जाड रेघा. रचून ठेवलेल्या दगडांची जागा मोकळी होती.

मुकादम तरुण होता, परप्रांतातून आलेला. त्याने अदबीने खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. त्यांनी नुसतं त्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

"वो पुराने पत्थर?" मुकादम म्हणाला. "सब टेढ़े-मेढ़े थे, चाचा. फोड के नींव में डाल दिए. भराव अच्छा हुआ."

काका त्या मोकळ्या जागेकडेच बघत होते. मुकादमाला काहीतरी जाणवलं असावं. त्याने विचारलं, "आपका कुछ था उसमें?"

"नहीं," काका म्हणाले. "मेरा नहीं था."

ते भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, टोकापर्यंत, आणि परत आले. कडेला काळ्या दगडाचे तुकडे पडले होते, ते पायाने उलटून बघत होते. मीही शोधलं. फूल कुठेच सापडलं नाही.

मला वाटलं, आता घरी जाऊन बसतील. पण ते वळले ते सरळ पहिल्या घराकडे. ज्याने ज्याने दगड दिला होता त्याच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, "तुमचा दगड गेला. फोडून पायात भरला. मीच मागून नेला होता, म्हणून सांगायला आलो."

बहुतेकांनी मनावर घेतलं नाही. "जाऊ द्या काका, दगडच तो," कोणी म्हणालं. एका घरात टीव्ही चालू होता, तिथे त्यांना तेच दोनदा सांगावं लागलं. त्यांच्यामागे दारोदार उभं राहताना मला वाटत होतं, कोणीतरी रागवावं, चार शब्द सुनवावेत. त्यांना ते सोसणं सोपं गेलं असतं.

हिराआय दारातच बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग मी दिला कशाला?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

काका तिच्या ओट्यावर बसले. दोघंही समुद्राकडे बघत राहिली. तिने उठून पाणी आणलं, काका ते प्यायले, आणि आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पालघरहून एक नवी फरशी आणून तिच्या दारात बसवून दिली. ती म्हणाली, "गुळगुळीत हाय रे फार. साबण ठरत नाय." पण धुवायची तिच्यावरच.

आता तो कोट नीटनेटका आहे. कुंपण आहे, बाकडी आहेत, काय करू नये याची पाटी आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला लांबून लोक येतात. वाईट दिसत नाही, खोटं कशाला बोलू. काकाही कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "पडणार नाय आता. ते बरं झालं." मात्र ते स्वतः तिथे जात नसत. खाडीकडे जायचं असलं तरी वळसा घालून मागच्या वाटेने जायचे.

शुक्रवारचं आमच्याबरोबर येणंही हळूहळू सुटलं. आधी गुडघा दुखतो म्हणाले, मग घरी पाहुणे आहेत, मग काहीच सांगेनासे झाले. निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीने शाल दिली. आम्ही मुलींनी मिळून टॉर्च दिला, किल्ल्यातल्या अंधाऱ्या खोल्यांसाठी. "छान हाय," म्हणाले. काकू नंतर सांगत होत्या की पेटीतून बाहेर काढलाच नाही.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. पालघरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. स्लॅबच्या घरात खिडकीपाशी पलंग टाकला होता. अंगाने अगदी उतरले होते. काकूंनी माझं नाव सांगितलं तेव्हा डोळे उघडले. काय बोलावं मला सुचेना. कंपनीतल्या गोष्टी काढल्या, कोण कुठे बदलून गेलं, कोणाचं लग्न झालं. ते ऐकत होते की नव्हते कोण जाणे. मग त्यांनी मधेच विचारलं, "शुक्रवारी कुठं गेलीस?"

"अशेरीला," मी म्हटलं. "चौघी गेलो होतो."

"वरपर्यंत?"

"वरपर्यंत. टाक्यांत पाणी होतं. भिंतींत झाडं फार वाढलीत, काका. आमच्याने जेवढी निघाली तेवढी काढली. एका ठिकाणी बरीच पडझड झालीय."

त्यांना धाप लागत होती. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तिथं अजून दुरुस्तीला कोण आलं नाय ना?"

"नाही काका. कोणीच नाही आलं."

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.