लाल फडक्याखालची दोन टोपणं

गुरुवार, २५ ऑक्टोबर २००१. खंडेनवमी. हजर: मी; उचगावहून सायकलने येणारी माझी प्रोजेक्टमधली जोडीदार; लॅबचे शिपाई, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं; आणि चारच्या सुमारापासून विभागप्रमुख सर. संगणक बारा, सगळे चालू. दुपारी दोनला नेटवर्क बंद.

त्या वर्षीच्या माझ्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. याद्या करायची सवय मला शाळेपासूनची. त्या दिवशीचा घोटाळाही यादीमुळेच झाला, आणि यादी माझी होती.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायचा होता. वर्गातले चार गट ग्रंथालयाची पुस्तकं नोंदवणारं सॉफ्टवेअर करत होते. आम्हा दोघींना नेटवर्कच करायचं होतं. लॅबमधले सुटे पडलेले बारा संगणक एकमेकांना जोडायचे आणि ते कसं चालतं, कुठे अडतं, हे वर्षभर तपासून मांडायचं. सरांना ते पटत नव्हतं.

"तारा ओढत बसण्यात काय अभ्यास आहे?" ते म्हणाले. आम्ही हटलो नाही. शेवटी त्यांनी अट घातली. गुरुवारी चारला येईन, बाराच्या बारा चालताना दिसले तर विषयावर सही करीन, नाहीतर ग्रंथालय. विषयांची यादी त्याच संध्याकाळी विद्यापीठात जाणार होती.

आमची केबल काळी, बोटाएवढी जाड नव्हती पण ताठ. ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी रांगेने जायची. रांगेच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढं एक चकचकीत टोपण असे, टर्मिनेटर. दिसायला काही नाही. पण ते काढलं की एकच नव्हे, सगळी रांग मुकी होते.

बुधवारी संध्याकाळी सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी मामा पूजेसाठी लॅब धुऊन-पुसून घेणार होते, म्हणून मी त्यांना यादी दिली: संगणक बारा, मागचे जोड बारा, केबलचे तुकडे अकरा. "मामा, यातल्या कशालाही हात लावू नका. बाकी सगळं पुसा."

गुरुवारी दोनला डबा खाऊन आलो तर लॅबमध्ये उदबत्तीचा वास. प्रत्येक मॉनिटरवर हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल. टेबलावर ताट, ताटावर लाल फडकं. मी पहिल्या संगणकावरून दुसऱ्याला हाक दिली, म्हणजे तपासणीचा छोटा संदेश पाठवला. उत्तर नाही. तिसऱ्याला दिली, नाही. जोडीदार गुडघ्यांवर बसून टेबलाखालून रांगत शेवटापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, टोपण न्हाय!"

दुसऱ्या टोकालाही नव्हतं.

"मामा, इथली टोपणं कुठं गेली?"

"पूजेत हायत की."

"पूजेत कशाला?"

"हत्यारंच न्हवं ती? पक्कड ठेवली, स्क्रू ड्रायव्हर ठेवला, डाग द्यायचं ते ठेवलं. ही दोन टोकाला मोकळीच बसलेली. म्हटलं, पोरी इसरल्या वाटतं."

"पण मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून!"

मामांनी खिशातून माझा कागद काढला. घडी नीट घातलेली. "हितं कुठं हाय दाखव की."

नव्हतंच. संगणक मोजले, जोड मोजले, तुकडे मोजले आणि ज्यांच्यावर सगळं थांबतं ती दोन टोपणं मी लिहिलीच नव्हती.

"बरं, चुकलं माझं. आता द्या. चारला सर येणारेत."

"आता उद्या. पूजलेल्या हत्याराला आज हात न्हाय."

"मग संगणक चालू ठेवलेले कसे चालतात?" जोडीदार भांडायला उभी राहिली.

"ते बसल्या जागी पुजलेत. ताटातलं उठत न्हाय. माझ्या बापानं कधी उचललं न्हाय, मी उचलणार न्हाय."

मामा पाणी आणायला बाहेर गेले. जोडीदाराचा हात फडक्याकडे गेला, मी तो धरला. पंधरा दिवस आमच्यासाठी हा माणूस सुटी झाल्यावरही किल्ली घेऊन बसला होता.

"मग जा ग्रंथालयात!" ती म्हणाली. तेव्हा अडीच वाजले होते.

टोपणाच्या आत असतं काय, हे मी मनात म्हणून पाहिलं. पन्नास ओहमचा एक रेझिस्टर, बस्स. शंभरचे दोन शेजारी शेजारी पिळले की पन्नास होतात. जोडीदार इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबकडे पळाली आणि शंभरचे चार घेऊन आली. डाग द्यायचं सोल्डरिंगचं हत्यार ताटात होतं, पक्कड ताटात. आम्ही बोटांनीच तारा पिळल्या, एक टोक जोडाच्या मधल्या भोकात खुपसलं, दुसरं बाहेरच्या कड्याला गुंडाळलं आणि दातांनी चिकटपट्टी तोडून वर लावली. दोन्ही टोकांना तसंच. पहिल्या संगणकावर बसून हाका मारल्या. उरलेल्या अकराही संगणकांनी ओ दिली.

सर चारला पाच कमी असतानाच आले. त्यांनी स्वतः चार-पाच ठिकाणांहून फाईली पाठवून पाहिल्या, मग वाकून टोकाकडे पाहिलं. "हे काय मलमपट्टी केल्यासारखं?"

आम्ही तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "साहेब, खरी टोपणं पूजेत हायत. उद्या मिळतील. तवर पोरींनी चालवलंय."

सरांनी आमच्याकडून सगळी हकिगत काढून घेतली, केबलचं नव्हे पण त्या रेझिस्टरांचं गणित दोनदा विचारलं आणि सही केली. "तारा ओढण्यात अभ्यास आहे म्हणायचा," एवढंच म्हणाले.

दसऱ्याला सकाळी मामांनी आपट्याच्या पानांबरोबर दोन्ही टोपणं माझ्या हातात दिली. खाचांत कुंकू अडकलेलं. "आता सांग, हे करतंय काय?"

मी सांगितलं की सिग्नल टोकाला पोचला आणि तिथं काही नसलं, तर उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्याला आडवा जातो.

"म्हंजे उसाच्या सरीगत. शेवटाला पाणी तुंबलं की मागं फिरतंय. मुरायला जागा पायजे." मग म्हणाले, "ह्ये असं लिवून भिंतीला लाव की. कुठली वस्तू काय करती. माझ्यासारखा दुसरा कोण आला तर काढणार न्हाय."

मी वहीत लिहिलं: मामांसाठी कागद. टोपण, जोड, केबल, संगणकातलं नेटवर्कचं कार्ड, सगळ्यांच्या फाईली सांभाळणारा सर्व्हर.

ती केबल वापरातून कधीच गेली. मी आजही नेटवर्कचंच काम करते, आणि माझ्या प्रत्येक यादीत सगळ्यात आधी टोकं येतात. मामा निवृत्त होऊन जयसिंगपूरला लेकीकडे असतात. दर दसऱ्याला फोन करतात आणि शुभेच्छांच्या आधी विचारतात, "काय गं पोरी, कागद झाला का?"

टोपणाची ओळ झाली आहे, ती त्यांचीच आहे, उसाच्या सरीची. बाकीच्या मी तीनदा लिहिल्या आणि खोडल्या. त्या पुस्तकातल्यासारख्या होतात. जोड, केबलचा जुना तुकडा, कार्ड आणि डब्याएवढा एक छोटा सर्व्हर या चार वस्तू पिशवीत घालून जयसिंगपूरला जाणे, एकेक त्यांच्या हातात देणे आणि ते काय म्हणतात ते लिहून घेणे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. जाणे बाकी.