मंजुळा टॉकीजचा पुकारा

सांगलीच्या मंजुळा टॉकीजचा नवा सिनेमा पडद्याआधी लालासाहेबांच्या घशातून सुरू व्हायचा. रिक्षावर कर्णा, हातात माइक आणि थेट कुपवाडपर्यंत पुकारा: "बायकांना बसण्याची स्वतंत्र सोय!" त्याच टॉकीजात सकाळी व्याख्यानं, भजन स्पर्धा, शाळांची गॅदरिंगं व्हायची, रात्री कधी नाटकं. त्यांचाही पुकारा यांचाच. वक्ता कितीही नावाजलेला असो, माणसं गोळा करायची ती या गड्यानं. गर्दी आत शिरली की हे बाहेर रिक्षात चहा पीत बसायचे. आत बोलायला मोठी माणसं होती ना.

एकदा त्या स्टेजवरून आपण बोलावं, एवढीच त्यांची हौस. यंदा मालकाच्या नातवानं, धैर्यशीलनं, टॉकीजची शताब्दी काढली आणि शब्द दिला, "लालाकाका, दोन मिनिटं तुमची." लालासाहेब हरखले. रोज भाषण म्हणून म्हणून त्यांनी बायकोचे, अंबूबाईंचे, कान किटवले.

"आवं, आता झोपू द्या की," म्हातारी म्हणायची.

कार्यक्रमाला अंबूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या. लालासाहेब इस्त्रीचा सदरा घालून विंगेत उभे. पाहुणे बोलले, पाहुण्यांचे पाहुणे बोलले. ज्यांनी इथं कधी तिकीट काढलं नाही, त्यांनाच आठवणींचे उमाळे फुटले. लालासाहेबांचे पाय भरून आले, पण ते बसले नाहीत. न जाणो, तेवढ्यात नाव पुकारलं तर?

शेवटी धैर्यशील घाईनं आला. "काका, चला, माइक घ्या." हातात एक चिठ्ठी कोंबली. तीत लिहिलं होतं: फाटकासमोरची पांढरी गाडी ज्याची असेल त्यानं ताबडतोब काढावी, प्रमुख पाहुण्यांना निघायचं आहे.

लालासाहेबांनी ते वाचलं. खणखणीत वाचलं, दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. मग त्यांनी घसा साफ केला. "मंडळी, मी लालासाहेब..." तेवढ्यात मागं कुणीतरी बटण दाबलं आणि राष्ट्रगीत सुरू झालं. लालासाहेब ताठ उभे राहिले. संपल्यावर मंडळी दाराकडं वळली आणि माइक बंद झाला.

परतताना अंबूबाई चाचरत म्हणाल्या, "आवाज लय झ्याक आला."

"त्यास्नी आवाजच पायजे हुता," लालासाहेब म्हणाले. "माणूस कवाच नको हुता."